दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी

दानाची व्याख्या करताना आपल्या धर्मशास्त्रकारांनी मोठी नेमकी दृष्टी ठेवली आहे. वस्तूवरील स्वतःचे स्वत्व संपावे आणि त्या जागी दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न व्हावे, या दोन्ही गोष्टी घडल्या म्हणजे दान पुरे झाले, असे ते मानतात. हातातून वस्तू सुटणे हा त्यातील अर्धाच भाग होय. उरलेला अर्धा घेणाऱ्याच्या ठायी घडावयाचा असतो. गाय, भूमी, सुवर्ण यांना ही व्याख्या सहज लागू पडते. दात्याचा गोठा वेगळा, ग्रहीत्याचा वेगळा. गाय एका गोठ्यातून दुसऱ्यात गेली की शंकेला जागा उरत नाही. परंतु नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला काही दिले, तर ती वस्तू त्याच घरात राहते, बहुधा त्याच कपाटात. अशा वेळी कोणाचे स्वत्व संपले आणि कोणाचे उत्पन्न झाले, हे ठरवावयाचे कशावरून?

जुन्या निबंधकारांना ही अडचण जाणवली नव्हती असे नाही. मनुस्मृतीने स्त्रीधनाचे जे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत प्रीतीच्या निमित्ताने दिलेले धन हा एक आहे. पतीने प्रीतीने दिलेल्या वस्तूचा स्त्रीने हवा तसा विनियोग करावा, स्थावर मात्र त्यातून वगळावे, अशी नारदाची व्यवस्था आहे. याज्ञवल्क्य तर दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी आणि बंदिवास अशा प्रसंगी पतीने स्त्रीधन घेतले तर ते परत करण्याचे बंधन त्याच्यावर ठेवीत नाही. म्हणजे दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याची एक सूक्ष्म दोरी बांधलेली राहतेच. कायद्याच्या दृष्टीने ही दोरी आज तुटली आहे. मनाच्या दृष्टीने ती तुटली आहे किंवा नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि तो मी येथे एका किरकोळ वाटणाऱ्या वस्तूच्या निमित्ताने विचारात घेणार आहे. ती वस्तू म्हणजे खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा, आणि प्रसंग तो आपल्या जोडीदारासाठी निवडण्याचा. विषय ऐकून वाङ्मयाच्या अभ्यासकाला हसू येईल. येऊ द्यावे.

कॅमेराच का, असे कोणी विचारील. साडी दिली तर ती नेसणारी व्यक्ती देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वावरते. त्या भेटीत देणाऱ्याच्या डोळ्यांचाही वाटा असतो, आणि पुष्कळदा तोच मोठा असतो. पुस्तक दिले तर आपल्याला आवडलेला विचार दुसऱ्याच्या मनात पोचावा ही इच्छा त्यात असते. स्वयंपाकघरातले यंत्र दिले तर भेट आणि काम यांची सीमारेषा पुसट होते. त्याविषयी स्त्रियांनी पुरेसे बोलून ठेवले आहे. कॅमेऱ्याचे तसे नाही. तो देताना आपण दुसऱ्याला पाहण्याचे साधन देतो. आणि ज्याला पाहण्याचे साधन दिले तो आपल्याकडेही पाहणार, हे गृहीत धरावे लागते. देणारा स्वतः दृश्य होण्याला संमती देतो. इतर फार थोड्या भेटवस्तूंत ही उलटापालट घडते.

आता निवडीकडे वळू. निवड हा शब्द फसवा आहे. दुकानातील काचेमागे मांडलेल्या दहा-बारा कॅमेऱ्यांतून आपण एक निवडतो, असे वरवर दिसते. वस्तुतः आपण त्या क्षणी दुसऱ्या व्यक्तीविषयीचे आपले मत निवडीत असतो. ती काय पाहील, किती खटपट करील, तिचा हात स्थिर आहे काय, तिला मेनूतील पर्याय वाचण्याचा कंटाळा येईल काय, या प्रत्येक प्रश्नाचे आपण एक उत्तर देतो आणि त्या उत्तराची किंमत मोजून घरी येतो. खोक्यावर छापलेले आकडे हे काम सोपे करतात, कारण त्यांच्या आधाराने व्यक्तीचा विचार टाळता येतो. एक कोटी वीस लाख पिक्सेल! प्रत्यक्षात हे चित्र ४००० गुणिले ३००० बिंदूंचे असते. इंचाला ३०० बिंदू या दराने ते सुमारे तेरा इंच बाय दहा इंच छापता येते. सहा इंच बाय चार इंचांच्या नेहमीच्या प्रतीला बावीस लाखांच्या आतच बिंदू लागतात. घरातल्या अल्बममध्ये तेरा इंचांचे चित्र कोणी लावीत नाही. तरीही वीस कोटींची हौस धरणारा माणूस बारा कोटींवर समाधान मानीत नसतो, तसेच हेही.

आकड्यांपलीकडे जाऊन पाहिले तर खिशातल्या कॅमेऱ्याची मर्यादा त्याच्या संवेदकात असते. सर्वसाधारण छोट्या कॅमेऱ्यातील संवेदक सुमारे ६.२ मिलिमीटर बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. ज्याला व्यापारात ‘एक इंची’ म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, त्याचे क्षेत्रफळ चौपट आणि म्हणून संध्याकाळच्या उजेडात त्याची पकड अधिक. (तो कोणत्याही बाजूने एक इंच भरत नाही. हे नाव जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतील नळ्यांच्या मापावरून आले आणि चिकटून राहिले.) त्याचप्रमाणे भिंग पुढेमागे सरकून जो झूम साधतो तो खरा, अंकीय झूम म्हणजे चित्राची कड कापून उरलेला तुकडा मोठा करणे. या गोष्टी समजून घ्याव्यात. भेट देणाऱ्याने अज्ञानात राहण्यात प्रीती नाही. परंतु त्या समजल्यावरही मूळ प्रश्न जागच्या जागीच राहतो. दिवेलागणीनंतर ती छायाचित्रे काढील काय, हे संवेदक सांगत नाही.

२००९ साली मुंबईच्या फोर्टातील बोराबाजारात, जेथे कॅमेऱ्यांची दुकाने ओळीने आहेत, मी माझ्या पत्नीसाठी असा एक कॅमेरा घेण्यास गेलो होतो. दुकानदाराने विचारले, “वापरणार कोण?” मी आमच्या पिढीतील मराठी नवऱ्याप्रमाणे “घरच्यांसाठी” असे उत्तर दिले. त्याबरोबर काउंटरवरचे काळे कॅमेरे आत गेले आणि गुलाबी व चंदेरी बाहेर आले. त्या माणसाची काही चूक नव्हती. त्याने एका शब्दावरून एक व्यक्ती उभी केली, जशी आपण सगळे करतो. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला: त्या पडद्यावर बघून फोटो काढतील की डोळा लावून? त्या काळी काही छोट्या कॅमेऱ्यांना डोळा लावण्याची खिडकी अजून असे. हा प्रश्न मला दीर्घकाळ पुरला आहे. चाळिशी लागलेल्या माणसाला हातभर अंतरावरचा पडदा सोयीचा. पण उन्हात तो पडदा निस्तेज होतो आणि तेथे खिडकीच उपयोगी पडते. आमच्या घरी वनस्पतिशास्त्र शिकविणारी व्यक्ती होती आणि तिचे पाहणे बहुतेक उन्हातले होते, एवढे मला ठाऊक होते. खिडकीला ती कोणता डोळा लावील आणि कोणता मिटील, हे मात्र सत्तावीस वर्षांच्या सहवासानंतरही मला सांगता आले नसते.

सहवासातून सवयी कळतात. चहात साखर किती, पंखा कोणत्या वेगावर, रागावल्यावर आवाज चढतो की उतरतो, हे सारे कळते. व्यक्ती एखाद्या गोष्टीकडे कशी पाहते, हे सहवासातून कळतेच असे नाही. कारण आपण बहुधा शेजारी बसून एकाच दिशेला पाहत असतो. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्याचा विचार मांडताना जागच्या जागी असलेला अलंकारच अलंकार ठरतो, अस्थानी घातलेला हास्यास्पद होतो, असे प्रतिपादन केले. भेटीच्या निवडीला हा निकष लावावासा वाटतो. पण अलंकार घालावयाचे अंग कवीसमोर असते आणि भेट देणाऱ्यासमोर ते नसते. त्याला औचित्य साधावयाचे असते एका अशा दृष्टीशी, जी त्याने कधी पाहिलेली नाही. म्हणून कॅमेरा निवडताना सर्वोत्तम कोणता हा प्रश्न मला गौण वाटतो. मिळालेल्या साधनात ग्रहीत्याला न सांगता स्वतःचे काही शोधण्यास जागा राहते की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. सर्व काही स्वयंचलित असणारा कॅमेरा आपले मत आधीच बनवून आलेला असतो. उलट, सर्व कळा हाताने फिरवाव्या लागणारा कॅमेरा नवशिक्याला पहिल्या आठवड्यातच शरण आणतो. या दोहोंच्या मधली वस्तू शोधणे हे कसब आहे, आणि त्यात किमतीचा फारसा संबंध नाही.

भेट मिळालेल्या कॅमेऱ्याचे जगप्रसिद्ध उदाहरण योगायोगाने आपल्या देशाशी जोडलेले आहे. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा जन्म १८१५ साली कलकत्त्यात झाला. त्यांचे पती कायद्याचे पंडित होते आणि कलकत्त्याच्या विधी आयोगावर त्यांनी काम केले होते. पुढे हे कुटुंब इंग्लंडला गेले. १८६३ च्या डिसेंबरात, बाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या असताना, त्यांची मुलगी आणि जावई यांनी त्यांना एक कॅमेरा भेट दिला. मुले मोठी झालेली, पती सिलोनमधील आपल्या मळ्यांकडे गेलेले. आईला एकटेपणात काही विरंगुळा असावा, एवढाच देणाऱ्यांचा हेतू होता. ही भेट आजच्या खिशातल्या वस्तूसारखी नव्हती. ओल्या काचपट्ट्या, काळे पडलेले हात, रसायनांचा वास, असा तो सगळा पसारा. कॅमेरॉनबाईंनी कोळशाच्या कोठारात काळोखी खोली केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचे काचघर केले. टेनिसन, हर्शेल, डार्विन हे त्यांच्यासमोर बसले. छायाचित्रणातील जाणकारांनी त्यांच्या चित्रांतील अस्पष्टतेवर टीका केली. बाईंनी ती अस्पष्टता सोडली नाही, आणि आज त्यांचे नाव याच धूसर चेहऱ्यांसाठी घेतले जाते.

या कथेचा नेहमी काढला जाणारा अर्थ मला अपुरा वाटतो. भेटीमुळे एक कलावंत जन्माला आला, असे म्हणून आपण देणाऱ्यांना श्रेय देतो. त्यांनी विरंगुळा दिला होता. बाईंनी त्याचा विरंगुळा होऊ दिला नाही. येथे दात्याचा हेतू आणि वस्तूचे भवितव्य यांत पूर्ण फारकत झाली, आणि धर्मशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर दान त्याच क्षणी पुरे झाले. मुलीच्या व जावयाच्या मनातील एकट्या आईची प्रतिमा त्या कोंबड्यांच्या खुराड्याबरोबरच मोडीत निघाली. ही मोडतोड सहन करण्याची तयारी ज्याच्यापाशी नाही, त्याने साधन भेट देऊ नये. शोभेची वस्तू द्यावी.

पतिपत्नींच्या बाबतीत ही तयारी अधिक कठीण असते, कारण तेथे नाव कोणाचे हा प्रश्नही उभा राहतो. भारतातील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ साली नवसारीस झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले, परंतु छायाचित्रण त्या शिकल्या माणेकशा व्यारावाला यांच्याकडून, ज्यांच्याशी त्यांचा पुढे विवाह झाला. प्रारंभीची त्यांची छायाचित्रे माणेकशांच्या नावाने प्रसिद्ध झाली, कारण त्या अज्ञात होत्या आणि स्त्री होत्या. त्यांत माणेकशांनी पत्नीचे काही हिरावून घेतले असे मी सुचवीत नाही. तत्कालीन व्यवहाराची ती रीत होती, आणि त्यांच्या शिकवणीवाचून पुढचे काहीच घडले नसते. तरीही येथे एक विलक्षण प्रसंग आहे. पाहणारा डोळा एकाचा आणि चित्राखालचे नाव दुसऱ्याचे. साधन दिले, विद्या दिली, पण त्या पाहण्यावरची मुद्रा अजून देणाऱ्याचीच. पुढे होमाईंनी स्वतःच्या नावाने व ‘डालडा १३’ या टोपणनावाने जे काम केले ते सर्वांसमोर आहे. पतीच्या निधनानंतर, १९७० साली, त्यांनी छायाचित्रण थांबविले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१२ च्या जानेवारीत वडोदऱ्यास त्या निवर्तल्या.

याच्या बाजूला त्रिपुराचे महाराज बीरचंद्र माणिक्य यांचे एक छायाचित्र ठेवून पाहावे. १८८० च्या सुमाराचे हे चित्र. त्यात महाराज आणि राणी मनमोहिनी निकट बसलेले आहेत आणि महाराजांच्या हाती कॅमेऱ्याची दूरवरून ओढावयाची कळ आहे. राणीलाही त्यांनी छायाचित्रण शिकविले होते. चित्र प्रेमाचे आहे, यात संशय नाही. त्या काळच्या राजघराण्यातील स्त्रीने पडद्याबाहेर, पतीच्या कवेत, काचेवर उमटावे हे धाडसही होते. त्यानंतर बारा वर्षांनी, १८९२ साली, राजा दीनदयाळ यांना हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ उघडावा लागला आणि तो एका इंग्रज बाईच्या हाती सोपवावा लागला. तथापि माझी नजर पुन्हा पुन्हा त्या कळीवर जाते. कळ त्यांच्याच हाती आहे.

आपल्या मध्यमवर्गीय घरांतील अल्बम उघडावेत. रीळ महाग असे, छत्तीस चित्रांत एक सहल आणि एक बारसे बसवावे लागे, आणि म्हणून कॅमेरा घरातल्या ‘जबाबदार’ माणसाकडे राही. परिणामी वडील बहुतेक चित्रांत नाहीत. ते चित्राच्या अलीकडे उभे आहेत; त्यांची सावली कधीमधी पुढच्या वाळूत पडलेली दिसते. आई सर्वत्र आहे, पण उन्हाकडे तोंड करून, डोळे बारीक करून, सांगितल्या जागी उभी. त्या डोळ्यांना त्या क्षणी काय दिसत होते याचा एकही पुरावा अल्बममध्ये नाही. जोडीदाराला कॅमेरा देणे म्हणजे ही जागा सोडून पलीकडे जाणे. त्यात नवऱ्याच्या वाट्याला उन्हात उभे राहणे येते, आणि पोट आत घेणेही.

डिजिटल यंत्राने येथे एक फरक केला, तो नोंदविला पाहिजे. ईस्टमन कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली जो पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेरा बनविला, तो अवघ्या दहा हजार बिंदूंचे चित्र घेई आणि ते कॅसेटवर उतरविण्यास तेवीस सेकंद लावी. त्या तेवीस सेकंदांतून पुढे जे आले त्याने रिळाची काटकसर संपविली. काटकसर संपली म्हणजे ‘जबाबदार’ माणसाचे पद संपले. चूक पुसता येऊ लागली, तेव्हा चूक करण्याचा अधिकार घरातल्या सर्वांना मिळाला. कोडॅकला मात्र हे पचले नाही. ती कंपनी २०१२ च्या जानेवारीत, होमाईंच्या निधनाला आठवडा लोटण्याआधीच, दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली.

आता असे विचारले जाईल की प्रत्येकाच्या हाती कॅमेरा असलेला दूरध्वनी असताना हा विचार शिळा झाला नाही काय. २०१० साली जगभरात बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, त्यांतील बहुसंख्य खिशातले होते. २०२३ मध्ये भिंग न बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांची संख्या वीस लाखांच्याही आत आली. अलीकडे तरुण मंडळी ते जुने छोटे कॅमेरे पुन्हा शोधू लागली आहेत. ही केवळ फॅशन असेल, पण तिच्यामागे एक समज आहे. फोन ही कोणालाच पूर्णपणे स्वतःची वाटावी अशी वस्तू नाही. त्यात कार्यालय आहे, बँक आहे, नातेवाईक आहेत, आणि चित्र काढता काढता कोणाचा तरी निरोप वर येऊन थांबतो. केवळ पाहण्यासाठीच असलेली वस्तू हातात देणे म्हणजे त्या व्यक्तीच्या दिवसातील काही वेळ कोणाच्याही हाकेपासून मोकळा करून देणे. ज्या घरात ‘अगं’ आणि ‘आई’ या दोन हाका दिवसभर चालू असतात, तेथे ही भेट लहान नाही. अर्थात हाका मारणाऱ्याने त्या वेळेपुरते गप्प राहिले तर.

मार्सेल मोस यांच्या १९२५ च्या निबंधापासून आपण शिकलो की भेट कधीच फुकट नसते. ती परतीचे ऋण बांधते. दागिन्याचे ऋण घालून फेडले जाते, मिठाईचे खाऊन. कॅमेऱ्याचे ऋण फेडण्याची अपेक्षित रीत म्हणजे चित्रे दाखविणे. “काय काय काढलेस? बघू.” या निरागस वाक्यात ती सूक्ष्म दोरी पुन्हा हाती येते. बघून आपण काहीतरी बोलणार. बहुधा प्रकाश मागून आहे, असे. मग पुढच्या वेळी तिचा डोळा प्रकाश आपल्याला आवडेल तसा शोधील आणि काही महिन्यांनी आपल्याच दृष्टीची एक दुसरी प्रत घरात तयार होईल. कोणी म्हणेल, मग विचारूनच घ्यावे, किंवा पैसे द्यावेत, हवा तो कॅमेरा तिने आणावा. हा मार्ग व्यवहाराला सरळ आहे, आणि नको असलेली वस्तू गळ्यात पडण्यापेक्षा तो बरा. परंतु त्यात देणारा एका कामातून सुटतो: दुसऱ्याच्या पाहण्याविषयी अंधारात चाचपडण्याच्या. चाचपडताना आपले अज्ञान किती आहे याचा अंदाज तरी येतो. विचारण्याने माहिती मिळते, आणि माहिती मिळाली की आपण जाणले असे वाटू लागते. कॅमेरा खणात पडून राहिला तर तोही ग्रहीत्याच्या स्वत्वाचाच भाग समजावा. वर्षभराने खण उघडून “एवढे पैसे घालून” असे वाक्य सुरू करणारा माणूस याज्ञवल्क्याच्या सवलतीहूनही अधिक मागत असतो, कारण त्याच्या घरी ना दुष्काळ आहे ना बंदिवास.

एक लहानशी गोष्ट राहिली. नवा कॅमेरा आपल्या चित्रांना क्रमांक देतो, आणि तो ०००१ पासून सुरू होतो. दुकानदार बॅटरी घालून काउंटरवरच एक चित्र काढून दाखवितो. घरी आल्यावर देणाऱ्यालाही राहवत नाही. यंत्र नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी तो खिडकी, टेबल किंवा स्वतःचा हात टिपतो, तारीख आणि वेळ लावून ठेवतो, आणि मग ती चाचणीची चित्रे पुसून खोके पूर्ववत बंद करतो. पुसलेली चित्रे जातात. क्रमांक मात्र बहुतेक यंत्रांत मागे येत नाही. ज्याच्यासाठी तो आणला त्याचे पहिले चित्र ०००४ किंवा ०००५ या नावाने नोंदले जाते. बोराबाजारात मी दुकानदाराला बॅटरी वेगळीच बांधून देण्यास सांगितले. यंत्र बिघडलेले निघाले तर बदलून मिळणार नाही, असे त्याने दोनदा बजावले.